'हमारा शहर' ते 'जय भीम कॉम्रेड': बोचणारे माहितीपट पुढे काय करतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माहितीपट दाखवून झाला की गप्पांमध्ये तेच तेच प्रश्न येतात. काही रागाने विचारलेले असतात, काही खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, आणि काही वेळा प्रश्न विचारायच्या निमित्ताने भाषणच करायचं असतं. पहिल्या दोन प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

या पानावर सगळी उदाहरणं माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचीच का?

सगळी नाहीत, पण बरीचशी आहेत. कारण सोयीचं आहे. एखाद्या माहितीपटाचा परिणाम शोधायचा तर निदान वीस-तीस वर्षं त्याच्या मागे जाता आलं पाहिजे. पटवर्धन १९७० च्या दशकापासून काम करत आहेत, मुंबईतच राहतात, त्यांच्या पटांवरून झालेले खटले कोर्टाच्या दप्तरी नोंदलेले आहेत आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आलेली माणसं पुढच्या पटांतही भेटतात. इतका लांब धागा दुसऱ्या कोणाच्या कामात हाती लागणं कठीण आहे. त्यांची सगळी मतं पटतात म्हणून ही निवड केलेली नाही.

'हमारा शहर'मुळे झोपडपट्टीतल्या लोकांना काही मिळालं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आधी काळ लक्षात घ्यावा लागतो. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी परत पाठवायचा आदेश दिला. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारे काही जण सुप्रीम कोर्टात गेले. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि कामगारवस्त्यांचं कंबरडं मोडलं. पटवर्धनांचा 'हमारा शहर' या वर्षांतलं शहर दाखवतो. उंच इमारती बांधणारे मजूर त्याच इमारतींच्या सावलीत झोपडीत राहतात, आणि इमारतीत राहायला आलेले लोक त्या झोपड्यांबद्दल तक्रार करतात. पोलिस आणि पालिकेचे अधिकारी आपापली बाजू सांगतात. पाडकाम चालू असतं.

पट १९८५ मध्ये आला. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने मान्य केलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. पण त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या हटवू शकते असंही म्हटलं होतं, आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा एवढीच सवड मिळाली. पटाचा या निकालाशी थेट संबंध नाही. दोन्ही गोष्टी एकाच काळाने घडवल्या.

थेट संबंध लावता येतो तो पुढच्या वर्षीच्या घटनेशी. १९८६ मध्ये दक्षिण मुंबईतली संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. तेव्हा निवारा हक्क सुरक्षा समितीच्या आंदोलनात वस्तीतल्या रहिवाशांबरोबर शबाना आझमी आणि खुद्द पटवर्धन उपोषणाला बसले. त्यानंतर रहिवाशांना गोरेगावला दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली. 'हमारा शहर'ला तोवर राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता, त्याची चर्चा होती आणि दिग्दर्शकाचं नाव वर्तमानपत्रांना माहीत होतं. उपोषणाला मिळालेल्या प्रसिद्धीत याचा वाटा होता, असं मला वाटतं. मात्र जागा आंदोलनाने मिळवली. पट नसता तरी आंदोलन झालंच असतं, कदाचित इतकं गाजलं नसतं.

बाकी शहराचं काय? पाडकाम थांबलं नाही. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, पात्रतेसाठी कोणत्या तारखेआधीची झोपडी धरायची यावर निवडणुका लढवल्या गेल्या. 'हमारा शहर' आज पाहताना तरुण प्रेक्षक म्हणतात, हे तर आमच्या वॉर्डात कालच झालं. याला पटाचं यश म्हणायचं की अपयश, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्यात एक बाई दिग्दर्शकालाच सुनावते. तो प्रसंग कापला का नाही?

घर पाडलं गेलेली ती बाई कॅमेऱ्याकडे बघून साधारण असं म्हणते की तुम्ही आमचे फोटो काढता, त्यावर तुमचं नाव होतं, आमच्या हाती काय येतं? पटवर्धनांनी हा प्रसंग ठेवला, आणि पुढे त्याबद्दल लिहिलं-बोललं बरंच गेलं. माझ्या मते भारतीय माहितीपटांच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक क्षण आहे, कारण त्याला उत्तर दिलेलं नाही. दिग्दर्शक गप्प राहतो.

काहींना हा चलाखपणा वाटतो: स्वतःवरची टीका स्वतःच दाखवली की ती बोथट होते. या आक्षेपात तथ्य आहे. पण तो प्रसंग कापला असता तर आज हा प्रश्न विचारायला आपल्याकडे पुरावाच नसता.

विलास घोगरे कोण? त्यांचं नाव 'हमारा शहर' आणि 'जय भीम कॉम्रेड' या दोन्ही पटांत कसं?

विलास घोगरे हे मुंबईतले दलित शाहीर. झोपडपट्टीत राहणारे, कष्टकऱ्यांची गाणी रचणारे आणि डफ-ढोलकीवर खड्या आवाजात गाणारे. 'हमारा शहर'मध्ये ते गातात. त्या वेळी त्या गाण्याचं काम एवढंच होतं की मजुराची कहाणी मजुराच्याच तोंडून यावी.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं सकाळी लोकांच्या लक्षात आलं. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि त्यात १० जणांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. वस्तीने तो निषेध मानला.

पटवर्धनांकडे तेव्हा घोगरेंचं बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं चित्रीकरण होतं. एका जिवंत, गाणाऱ्या माणसाचं. १९८५ मध्ये जो पटातला एक छोटा तुकडा होता, तो आता त्या माणसाच्या आवाजाचा आणि चेहऱ्याचा दस्तऐवज झाला. 'जय भीम कॉम्रेड' इथून सुरू झाला. डाव्या चळवळीसाठी आयुष्यभर गायलेला शाहीर शेवटच्या दिवसांत निळ्या झेंड्याकडे का वळला, डाव्यांनी जातीच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं किंवा दिलं नाही, हा त्या पटाचा कणा आहे.

'टिकणारा परिणाम' म्हणताना आपण कायदे, आंदोलनं, पुरस्कार मोजतो. एका शाहिराचा आवाज शिल्लक राहिला ही गोष्ट कुठल्याच यादीत येत नाही. आमच्याकडच्या शाहिरांपैकी किती जणांचं धड ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, याचा विचार केला की या तुकड्याची किंमत कळते.

'जय भीम कॉम्रेड'ला १४ वर्षं का लागली?

पैसा हे एक कारण असतंच. पण इथे खरं कारण खटला. गोळीबाराचा निकाल लागेपर्यंत पट संपवायचा नाही असं ठरलं, आणि निकाल लागता लागत नव्हता. मधल्या काळात २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, त्याविरुद्धचे मोर्चे निघाले, पुण्यातून कबीर कला मंचाची तरुण मुलं गात पुढे आली. हे सगळं पटात येत गेलं. २०११ मध्ये पट पूर्ण झाला तेव्हा तो तीन तासांहून मोठा होता.

लांबीबद्दल तक्रार ऐकू येते. संपादन करताना अर्धा तास सहज कमी झाला असता, असं मलाही वाटतं. पण गाणी कापायला सांगणारा माणूस वस्तीतल्या प्रयोगाला बसलेला नसतो. तिथे लोक गाण्यांसाठीच थांबतात, सोबत गातात.

मग रमाबाई नगरच्या लोकांना न्याय मिळाला का?

न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. तुकडीचे प्रमुख, उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. थोड्याच दिवसांत त्यांना हायकोर्टातून जामीन मिळाला.

म्हणजे घटना १९९७ ची, शिक्षा २००९ ची, पट २०११ चा. 'पटामुळे शिक्षा झाली' असं जे अधूनमधून ऐकू येतं ते चूक आहे. पटाने केलं ते वेगळं. टँकरचा दावा, त्याबद्दलचं व्हिडिओ चित्रीकरण, साक्षीदारांचं म्हणणं हे त्याने एका जागी आणून सावकाश तपासलं. आयोगाचे अहवाल सहसा कोणी वाचत नाही. ते काम लोकांसाठी या पटाने केलं, हे त्याचं श्रेय.

कबीर कला मंचाच्या कलाकारांचं पुढे काय झालं?

कबीर कला मंच पुण्यात २००२ मध्ये, गुजरातच्या दंगलींनंतर सुरू झाला. पटात शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर अशी मंडळी गाताना दिसतात. पट पूर्ण होत होता त्याच सुमारास, २०११ मध्ये, दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या काहींना अटक केली. त्यांच्यावर माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवला. बाकीचे भूमिगत झाले.

पट वस्त्यावस्त्यांतून फिरत होता आणि लोक शीतलबद्दल विचारत होते, ती मुलगी कुठे आहे? यातून कलाकारांच्या बचावासाठी समिती उभी राहिली. पटाला मिळालेल्या एका पुरस्काराची रक्कम त्या बचावासाठी दिली गेली. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर आले. आम्ही शरण येत नाही, सत्याग्रह करतो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. जूनमध्ये हायकोर्टाने त्यांना जामीन दिला. माळी, गोरखे आणि गायचोर यांना जामिनासाठी २०१७ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे सुप्रीम कोर्टापर्यंत, थांबावं लागलं. पुढे गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना २०२० च्या सप्टेंबरमध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली.

प्रेक्षकांना या कलाकारांचे चेहरे आणि गाणी माहीत होती, म्हणून ती नावं फक्त आरोपपत्रातली नावं राहिली नाहीत. हा परिणाम नक्कीच पटाचा. तो त्यांना तुरुंगापासून वाचवू शकला नाही, हेही तितकंच खरं. आणि तिसरी गोष्ट फार बोलली जात नाही: पटात दिसल्याने माणूस ओळखू येतो, सगळ्यांनाच. चित्रीकरण करणाऱ्याने ही जोखीम समोरच्याला आधी समजावून सांगायला हवी.

दूरदर्शनने हे पट का दाखवले नाहीत?

कारणं दर वेळी वेगळी दिली गेली: तणाव वाढेल, कायदा-सुव्यवस्था बिघडेल, पट असंतुलित आहे. गंमत अशी की यातल्या बऱ्याच पटांना राष्ट्रीय पुरस्कार सरकारनेच दिले होते. एका हाताने रजतकमळ, दुसऱ्या हाताने नकार.

'राम के नाम' १९९२ चा. बाबरी मशीद पाडली जाण्याआधीचा अयोध्येचा माहोल त्यात आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्रही. दूरदर्शनवर तो यायला मुंबई हायकोर्टात जावं लागलं. १९९७ मध्ये तो दाखवला गेला. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ चा. त्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने तो प्रसारित करायचा आदेश दिला. पट संपूर्ण पाहून त्याचं मूल्यमापन करा, एखादं दृश्य सुटं काढून नको, हे तत्त्व त्या निकालात आहे. 'जंग और अमन' हा अण्वस्त्रांवरचा पट २००२ चा; सेन्सॉर बोर्डाने आधी काही आणि नंतर २१ काटछाटी सुचवल्या. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने एकही न करता तो मंजूर करायला लावला.

अकरा वर्षांनी टीव्हीवर आलेल्या पटाचा उपयोग काय, असं विचारलं जातं. विषय शिळा झालेला असतो हे बरोबर. पण त्या आदेशाचा उपयोग त्या पटापुरता नसतो. पुढचा माहितीपट करणारी तिशीतली मुलगी, जिला वकील परवडत नाही, ती बोर्डाच्या कार्यालयात हा निकाल दाखवू शकते. माझ्या मते या सगळ्या पटांचा सर्वांत टिकाऊ परिणाम पडद्यावर झालेला नाही, तो कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. आणि तो कधीच प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही.

हे कोर्टात जायचं वळण पटवर्धनांपासून सुरू झालं का?

नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' हा छोटा माहितीपट केला होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी-शेजारी दाखवणारा. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती, त्यावरून 'यू' प्रमाणपत्र अडलं. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणी चालू असताना सरकारने 'यू' द्यायची तयारी दाखवली, पण कोर्टाने मूळ प्रश्न सोडला नाही. १९७० मध्ये निकाल आला: चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे. अब्बासांना प्रमाणपत्र मिळालं, सेन्सॉरशिप मात्र आणखी पक्की झाली. कोर्टात जाण्याचे परिणाम दोन्ही बाजूंना जातात.

'विकल्प' म्हणजे काय?

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परदेशी पटांना ती नव्हती. निर्मात्यांनी विरोध केला. अट मागे घेतली गेली, पण बरेच टोकदार पट निवडीतच गळले. मग त्या निर्मात्यांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. पुढे विकल्पचे खेळ पृथ्वी थिएटरच्या आवारात दरमहा होऊ लागले. नाकारलेल्या पटांनी स्वतःचा प्रेक्षक तयार केला.

हे पट एकतर्फी नाहीत का?

आहेत, भूमिका घेतलेले आहेत. पटवर्धन ते लपवतही नाहीत. प्रश्न विचारणारा त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. 'राम के नाम'मध्ये कारसेवक स्वतः बोलतात, आणि राम जन्मभूमीच्या जागी कोर्टाने नेमलेले पुजारी लालदासही बोलतात. हे पुजारी मशीद पाडायच्या विरोधात होते. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून आज ऐकायला मिळतं ते या पटामुळे.

तरी संपादनाची कात्री दिग्दर्शकाच्या हातात असते हे विसरू नये. किती तासांचं चित्रण टाकून दिलं, कोणाचं हसणं कुठल्या वाक्यानंतर जोडलं, हे प्रेक्षकाने विचारावंच. चर्चेत असा प्रश्न कोणी विचारला की काही कार्यकर्ते चिडतात. चिडायचं कारण नाही.

परदेशात माहितीपटाने थेट काही बदलल्याचं पक्कं उदाहरण आहे का?

अमेरिकेतला 'द थिन ब्लू लाइन' हा १९८८ चा पट. १९७६ मध्ये डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला, त्यासाठी रँडल अ‍ॅडम्स नावाचा माणूस शिक्षा भोगत होता. दिग्दर्शक एरल मॉरिस यांनी साक्षीदारांना पुन्हा बोलतं केलं, साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे दाखवलं, आणि ज्याच्याकडे खरा संशय जातो त्याच्याकडून ध्वनिफितीवर जवळजवळ कबुली मिळवली. १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटले. इतका सरळ कार्यकारणभाव फार क्वचित सापडतो.

पुढचा भाग मात्र सांगायलाच हवा. सुटल्यावर अ‍ॅडम्स यांनी त्याच दिग्दर्शकाविरुद्ध दावा लावला, आपल्या आयुष्याच्या कहाणीचे हक्क परत मिळावेत म्हणून. तो तडजोडीने मिटला. मुंबईतल्या त्या बाईचा आणि डॅलसच्या त्या कैद्याचा प्रश्न एकच आहे.

उलट टोकाचं उदाहरण फ्रेडरिक वाइजमन यांच्या 'टिटिकट फॉलीज'चं. मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेतली वागणूक दाखवणारा हा १९६७ चा पट तिथल्या कोर्टाने रुग्णांच्या खासगीपणाचं कारण देऊन रोखला. सर्वसामान्य प्रेक्षकांना तो १९९१ नंतरच खुला झाला. कारण खोटं नव्हतं, पण त्या बंदीमुळे संस्थेचीही सोय झाली.

आधीच पटलेल्या लोकांनाच हे पट पटतात ना?

शहरी सभागृहात बहुतेक वेळा हो. तेच झोळीवाले, तेच प्राध्यापक, आणि आम्हीही त्यांतलेच. म्हणून 'जय भीम कॉम्रेड' सुरुवातीपासून चाळींत आणि वस्त्यांत मोठा पडदा लावून दाखवला गेला. तिथलाही प्रेक्षक जयभीमवालाच होता, पण पटात आंबेडकरी नेत्यांवरही सडकून टीका आहे, आणि ती त्यांच्याच मतदारांसमोर दाखवायला हिंमत लागते. डाव्या कार्यकर्त्यांनाही तो सुखाने बघू देत नाही. आपल्याच माणसांना अडचणीत आणणारा पट जास्त काळ चर्चेत राहतो, असं माझं निरीक्षण आहे.

मराठीत अशी परंपरा आहे का?

आहे, पण विखुरलेली. अतुल पेठे यांचा 'कचराकोंडी' हा पुण्याच्या सफाई कामगारांवरचा पट आवर्जून पाहावा. शहराचा मैला आणि कचरा उचलणाऱ्यांचं काम तो इतक्या जवळून दाखवतो की जेवणाआधी दाखवू नका अशी सूचना आयोजकांना द्यावी लागते. (ती सूचनाच खरं तर पटाचा विषय आहे.) कामगार संघटना या पटाच्या निर्मितीपासून सोबत होती, त्यामुळे तो कामगारांपर्यंत पोहोचला. पुढे पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' नाटक याच सफाई कामगारांना घेऊन बसवलं, आणि त्यात काम करणारी माणसं सकाळी झाडू मारून संध्याकाळी तालमीला येत होती. माहितीपटाचा विषय असलेली माणसं रंगमंचावर स्वतः बोलू लागली, हे मला एखाद्या शासन निर्णयापेक्षा मोठं वाटतं.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) आहे. तो पत्रकार पी. साईनाथ यांच्या पाठोपाठ गावांत जातो. शेतकऱ्यांच्या प्रयोगाला भाषा इंग्रजी असल्याची अडचण येते, सोबत मराठीत बोलणारा कोणी हवा.

सगळं यूट्यूबवर मिळतं, मग एकत्र बसून का पाहायचं?

घरी पाहा, काही हरकत नाही. फक्त तीन तासांचा पट फोनवर पाहताना दर दहा मिनिटांनी दुसरं काहीतरी उघडलं जातं. शिवाय पट संपल्यावर शेजारचा अनोळखी माणूस काय म्हणतो हे घरी ऐकायला मिळत नाही, आणि पुष्कळदा पटापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

आजही दाखवताना त्रास होतो का?

होतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्यात 'जय भीम कॉम्रेड'च्या खेळानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. २०२४ च्या जानेवारीत हैदराबादमध्ये एका कॅफेत 'राम के नाम' दाखवणाऱ्या आयोजकांना पोलिसांनी अटक केली. त्या पटाला 'यू' प्रमाणपत्र आहे, तो दूरदर्शनवर दाखवून झालेला आहे, आणि तो कोणीही घरी पाहू शकतो. तरीही.

आमच्या कॉलेजात दाखवायचा आहे. काय तयारी करावी?

आधी आयोजकांनी संपूर्ण पट स्वतः पाहावा. वर्णन वाचून लावलेला पट अर्ध्यात बंद करायची वेळ येते. दिग्दर्शकाला ईमेल करून परवानगी घ्या; माहितीपटवाले बहुधा लगेच उत्तर देतात आणि चांगल्या दर्जाची प्रतही पाठवतात. प्रमाणपत्र असेल तर त्याची छापील प्रत आणि प्राचार्यांचं परवानगीपत्र जवळ ठेवा. दंगल, गोळीबार, आत्महत्या यांचे उल्लेख असतील तर सुरुवातीला सांगा आणि कोणी उठून गेलं तर अडवू नका. 'जय भीम कॉम्रेड'ला मध्यंतर द्या, चहा ठेवा. चर्चेसाठी किमान पाऊण तास राखा, आणि शक्य असेल तर पहिला प्रश्न मागच्या रांगेकडून घ्या. पुढच्या रांगेतल्यांना काय म्हणायचंय ते आपल्याला साधारण माहीत असतं.